लेबलावरची ती बाई तुम्ही नाही

वहिनी, प्रभावन्सं माझ्याशी बोलत नाहीत. तेरावं उरकून काल त्या म्हसळ्याला परत गेल्या. निघताना मी पाया पडायला वाकले तर त्यांनी पाय मागे घेतले. थोरली नणंद, मानाची, आणि चारचौघांत पाय मागे घेतले. मीही मग तशीच सरळ उभी राहिले. एरवी मला अशा वेळी मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण काल काही झालं नाही.

कारण तुम्हाला ठाऊक नसणार, म्हणून सांगते. त्या दिवशी तुम्हाला शेवटची आंघोळ घातली, हिरवी साडी नेसवली, हातभर चुडा चढवला, मळवट भरला. राहिली वेणी. अबोलीची होती, तुमच्या आवडीची. वन्सं वेणी हातात धरून तुमच्या डोक्याकडे बघत राहिल्या आणि मागे वळून मला म्हणाल्या, "शैला, वेणी टिकणार कशात? हिचा गंगावन आण."

तुमच्या कपाटात वरच्या फळीवर, प्लास्टिकच्या पिशवीत ती खोट्या केसांची काळी शेपटी गुंडाळून ठेवली होती. मला जागा माहीत होती. मी म्हटलं, "नाही आणणार."

"अगो, सवाशीण बाय ती. सवाशिणीला अशी बोडकी धाडायची काय?"

"बोडक्या नाहीत त्या. जेवढे आहेत तेवढे त्यांचे स्वतःचे आहेत. गेलं दीड वर्ष वहिनींनी गंगावनाला हात लावला नाही. आता त्यांना नको म्हणता येत नाही म्हणून तुम्ही लावणार?"

माझा आवाज चढला होता. मेलेल्या माणसापुढे आवाज चढवू नये हे मला कळतं. पण तुमच्याइतकी मोठ्याने बोलणारी बाई गप्प पडली असताना कुणीतरी ओरडायला हवं होतं. मी वन्संच्या हातातून वेणी घेतली, तुमचे केस ओल्या फणीने विंचरले, तुम्ही पाडायचात तसा बाजूने भांग पाडला आणि वेणी कानामागून उशीवर सोडली. कुणी मदत केली नाही, कुणी अडवलंही नाही. बाहेर मग बायका कुजबुजल्या, की धाकट्या जावेला मोठीचा एवढा राग होता, शेवटची शोभासुद्धा करू दिली नाही.

राग होता. ते काही खोटं नाही.

चोवीस वर्षांपूर्वी चौलहून लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी तुम्हाला पहिल्यांदा नीट पाहिलं ते मागच्या वाडीत. माडांच्या मधल्या उन्हात खाट टाकून तुम्ही पालथ्या पडला होता आणि न्हालेले केस खाटेवरून खाली सोडले होते. ते जमिनीला टेकू नयेत म्हणून खाली सूप ठेवलं होतं. मला माझी ती करंगळीएवढी वेणी आठवली आणि तिथल्या तिथे तुमचा हेवा वाटला. अख्ख्या मुरुडमध्ये 'लांब केसवाली' म्हटलं की लोक आपल्या घराकडे बोट दाखवायचे. आपण चार खोल्या बांधून पर्यटक घ्यायला लागलो, तेव्हा जेवणाआधी पाहुण्या बायका तुमच्या केसांचीच चौकशी करायच्या. काय लावता? तुम्ही सांगायचात, "काय न्हाय ओ, घरचा खोबरेल. माका, जास्वंद, कडीपत्ता घालून उकळायचा."

तेल विकायची कल्पना माझी. वाडी आपली, नारळ आपले, घाण्यावरून तेल काढून आणायचं, परसात कढई चढवायची. बाटलीवर फोटो लावायचा म्हणून मी माझ्या लग्नाचा अल्बम काढला. त्यात एका फोटोत तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होतात, केस पुढे घेतलेले, गुडघ्यापर्यंत. फ्लेक्सच्या दुकानातल्या माणसाने त्यातून मला कापलं, तुमच्यामागे एक तांबडी जास्वंद टाकली आणि खाली लिहिलं, 'रजनीवहिनींचं केशवर्धक तेल'. तेव्हा आपण दोघी ते लेबल बघून किती हसलो होतो. तुमच्या खांद्याशी माझ्या शालूचा काठ तेवढा राहून गेला होता. तुम्ही म्हणालात, "नवरी उडाली, करवली तेवढी उरली."

पुढे चारेक वर्षांनी केस गळायला लागले. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही, तुमच्याकडे होतेच एवढे. मग एका शनिवारी पुण्याच्या पाहुण्यांच्या सोलकढीत हातभर लांब केस निघाला. त्या बाईंनी तो दोन बोटांनी वर धरला, धरतच गेल्या, संपेचना. या घरात तेवढा केस एकाच डोक्यावर होता, त्यामुळे चौकशीची गरजच नव्हती. तुम्ही वाटी उचलून आत आलात, ओट्याशी उभ्या राहून हसलात आणि म्हणालात, "बग, जाहिरात ताटापर्यंत पोचली." दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक करताना डोक्याला फडकं बांधायला लागलात. फडक्यात रोज मूठभर केस निघायचे ते तुम्ही चुलीत टाकायचात. वास यायचा म्हणून मला कळायचं.

मग घरादाराने तुमचं डोकं वाटून घेतलं. तुमचे हे, म्हणजे आमचे दादा, म्हणाले बोअरचं पाणी खारं झालंय. वन्संचं म्हणणं दृष्ट लागली, एवढ्या परक्या बायका टक लावून बघतात त्याचं काय होणार. त्या येऊन मीठ-मिरच्या उतरून गेल्या. कुणी कांद्याचा रस सांगितला, कुणी अंडं, कुणी कोरफड. शनिवारी-रविवारी आपल्या घरात माशांच्या वाटणापेक्षा तुमच्या डोक्याचाच वास जास्त यायचा. आणि तेल तर होतंच. आपलंच तेल, आपणच विकलेलं, सकाळ-संध्याकाळ चोळून चोळून तुमचं कपाळ चकचकायचं. भांग रुंद होत गेला. आधी बोटाएवढा, मग त्याच्याही पलीकडे. पंख्याखाली बसलात की टाळू दिसायची.

गंगावन मी आणून दिलं. हेही कबूल करते. दादरहून आणलं, तुमच्या केसांचा रंग जुळवून. मी म्हणाले, लोक तेल घ्यायला येतात, समोर तुम्ही अशा कशा बसणार? तुम्ही ते ठेवून घेतलंत. रोज सकाळी आरशासमोर बसून उरलेल्या केसांना पिना खोचून ती शेपटी बांधायचात आणि बाटल्यांच्या टेबलाशी बसायचात. दुपारी डोकं दुखायचं. पिना काढल्या की तिथले आणखी चार केस हातात यायचे. जे होते तेही ओढून ओढून आपण घालवत होतो, आणि बाटलीवरची ती बाई गुडघ्यापर्यंत केस सोडून हसत होती.

अलिबागला जायचं तुम्ही ठरवलं ते कुणाला न विचारता. घरी सांगितलं, दात दाखवायला जाते, सोबतीला शैलाला नेते. मला एस.टी.त बसल्यावर खरं सांगितलंत. मी भडकले. केसांसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का? लोक काय म्हणतील? तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "दात पडला असता तर चालला असता काय गो?"

ती डॉक्टरीणबाई मला अजून डोळ्यांसमोर दिसते. वयाने आपल्या मुलीएवढी, पण बोलणं सरळ. तिने गंगावन सोडायला लावलं, भिंगातून टाळू पाहिली, घरात कुणाचे असे केस गेलेत का विचारलं. मग पाळी कशी यायची ते विचारलं. तुम्ही सांगितलंत, बंद होण्याआधी चार-पाच वर्षं फार जायचं, महिन्यातून दहा-दहा दिवस. ते तुम्ही मलाही कधी सांगितलं नव्हतंत. एका घरात, एका ओट्यावर राबत होतो आपण. तिने रक्त तपासायला दिलं. लोह पार तळाला गेलं होतं. तिने सांगितलं की हे दोन्ही आहे, लोह कमी आणि वयाबरोबर बायकांचे असे भांगातून विरळ होणारे केस. लाज वाटण्यासारखं यात काही नाही, पुष्कळ जणींना होतं, त्या फक्त बोलत नाहीत. गोळ्या घ्यायच्या, डोक्याला औषध लावायचं, रोज लावायचं, आणि सहा महिने धीर धरायचा. पहिल्यासारखे होतील असं मी म्हणणार नाही, पण आहेत ते टिकवू.

तुम्ही विचारलंत, "आणि तेल?"

"तेल लावा की. केस मऊ राहतात, तुटत कमी. पण तेलाने केस उगवत नाहीत."

माडांच्या वाडीत जन्म काढलेल्या बाईला असं सांगायला हिंमत लागते. मी तर तिथेच भांडायला उठले होते. तेवढ्यात तिने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "तुम्हीही दाखवून घ्या ना, आलाच आहात तर." मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही," आणि बाहेर जाऊन बसले. परतीच्या गाडीत रेवदंडा गेलं, काशीद गेलं, तुमचं तोंड खिडकीकडे. मला वाटलं रडताय. वळून पाहिलं तर तुम्ही पदर तोंडाला लावून हसत होतात. "शैले, आठ वर्षं आपण लोकांना भजी तळायचा तेल डोक्याला लावायला दिला." शेजारच्या सीटवरचा माणूससुद्धा हसला.

औषध लावायला लागल्यावर पहिल्या महिन्यात केस आणखीच गळायला लागले. मग काय, सगळ्यांना हातात कोलीतच मिळालं. वन्संचा फोन, दादांची भुणभुण, माझे टोमणे. बघा, होते तेही घालवले डॉक्टरने. तुम्ही एकट्या गाडीत बसून पुन्हा अलिबागला गेलात. तिने सांगितलं की सुरुवातीला असं होतं, जुने कमजोर केस जातात, बंद करू नका. तुम्ही घरी येऊन सगळ्यांना ऐकवलंत, "मी औषध माझ्या डोक्याला लावते, तुमच्या न्हाय. तवा गप बसायचा." पुढच्या वेळेपासून दादा तुमच्याबरोबर जायला लागले. पिशवी धरून. गोळ्यांनी तुमचं पोट बिघडायचं, तरी तुम्ही सोडल्या नाहीत. काही महिन्यांनी गच्चीवर वाळवण घालायला जाताना तुम्हाला धाप लागेनाशी झाली. आणि भांगाच्या कडेला बारीक बारीक लव दिसायला लागली. तुम्ही मला खिडकीशी नेऊन दाखवलीत. मी म्हटलं, दिसत नाही काही. दिसत होती, वहिनी. मला चांगली दिसत होती.

गुडघ्यापर्यंत केस परत यायचे नव्हतेच. खांद्यापर्यंत कापून टाकलेत, विरळ ते विरळच राहिले, उन्हात टाळू दिसायचीच. आणि मग तो शनिवार. चारही खोल्या भरलेल्या, ओसरीत मुंबईच्या बायकांचा घोळका, आणि तुम्ही गंगावन न लावता बाहेर आलात. एकीच्या हातात बाटली होती. तिने लेबलाकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, परत लेबलाकडे. चाचरत विचारलं, "ह्या... तुम्हीच का?"

"मीच. बावीस वर्षांखालची."

"मग हे तेल..."

"तेल चांगला हाय, घरचा हाय. केस मऊ होतील. वाढायचे न्हाईत, माझेच बगा. तुमचे गळत असले तर आधी रगत तपासा आणि डॉक्टरला दाखवा. वरून मग लावा खुशाल."

मी आतून ऐकत होते. माझ्या हातातलं उलथणं कढईत पडलं. त्या बाईने दोन बाटल्या घेतल्या, ती गोष्ट वेगळी. तिथेच पायरीवर बसून ती तुमच्याशी तासभर बोलली, स्वतःची ओढणी बाजूला करून तुम्हाला काहीतरी दाखवत होती. त्यानंतर दर शनिवारी कुणी ना कुणी तुमच्यापाशी बसलेली असायची. तेल घ्यायला यायच्या आणि दुसरंच काही घेऊन जायच्या. मला ते बघवत नव्हतं.

का बघवत नव्हतं ते तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आपलं शेवटचं भांडण लेबलावरून झालं. तुम्ही गेलात त्याच्या पंधरवडाभर आधी. लेबलं संपली होती, नवी छापायची होती. तुम्ही म्हणालात, आता फोटो काढ आणि 'केशवर्धक' पण काढ. मी म्हटलं, मग विकायचं काय? तुम्ही म्हणालात, तेल. मी म्हटलं, धंदा मी उभा केला, तुम्ही नुसता फोटो दिलात. तुम्ही त्यावरही चिडला नाहीत. तेच मला जास्त लागलं. मग माझ्या तोंडून ते निघालं. "तुमचे गेले म्हणून आता सगळ्यांनी टक्कल मिरवत फिरायचं का?"

तुम्ही कांदा चिरत होतात. विळी बाजूला सारलीत आणि शांतपणे म्हणालात, "तुझा भांग मला दिसत न्हाय असा वाटता काय गो तुला? ती काळी पावडर उशीला लागते, शैले. अभ्रे मीच धुते."

मी तीन वर्षं भांगात काळी पावडर भरतेय. कुरिअरने मागवलेली, पिठीसारखी. नवऱ्याला माहीत नाही, मुलीला माहीत नाही. मला वाटलं होतं कुणालाच माहीत नाही. त्या दिवशी मी तुमच्याशी बोलणं टाकलं. दोन दिवस टाकलं, मग मीठ-तिखटापुरतं सुरू केलं. तुम्ही दोनदा म्हणालात, "मंगळवारी अलिबागला येतेस काय माझ्याबरोबर?" दोन्ही वेळा मी ऐकलं नाही असं दाखवलं. तिसऱ्यांदा विचारायला तुम्ही राहिला नाहीत. सकाळी चहा ठेवलात, आणि छातीला हात लावून ओट्याशी बसलात ते बसलात. चहा उतू गेला. तो मी पुसला.

मला माफी मागायची होती असं लिहिलं तर ते गोड दिसेल, पण खरं नाही. मला माफी मागायची नव्हती. मला तुम्ही तिसऱ्यांदा विचारायला हव्या होतात. मी तेव्हा हो म्हणणार होते, तेही तोंड वाकडं करून, तुमच्यावर उपकार केल्यासारखं.

परवा मुलगी मला म्हणाली, "काकू तुझे केस गोळा करायची, माहितीये तुला?" मला माहीत नव्हतं. तिच्या वेळी बाळंत होऊन आले, तीन महिन्यांनी माझे केस पुंजक्यांनी जायला लागले होते, आणि मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं, हे आठवतं. पुढे दोन-तीन आठवड्यांत कमी झालं असं मला वाटलं होतं. कमी कुठलं झालं होतं? मी उठायच्या आधी तुम्ही न्हाणीघर झाडून काढायचात, माझी उशी झटकायचात, फणीतला गुंता काढून ठेवायचात. पुढे सगळे परत आले, बाळंतपणातले येतातच. पण तेवढे महिने माझी भीती तुम्ही रोज पहाटे उचलून फेकत होतात, आणि हे मला आता, तुमच्या पोरीसारख्या माझ्या पोरीकडून कळतं. तुम्ही तिला सांगितलंत आणि मला नाही. याचाही राग आहेच मला.

आता बॅनरचं सांगते. निलेश नवी मुंबईहून धावत आला. पोराची अवस्था वाईट होती. श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायला हवा म्हणून त्याने दुकानात फोन केला, आईचा फोटो तुमच्याकडे असेलच. असणारच. तिसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी, आपल्या लॉजच्या पाटीखाली बॅनर लागला. मी दूध आणायला बाहेर पडले आणि थबकले. तुम्ही. गुडघ्यापर्यंत केस. 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि मागे तांबडी जास्वंद. घाईत ती काढायची राहून गेली होती. हिरवी किनारसुद्धा बाटलीचीच. आणि तुमच्या खांद्याशी माझ्या शालूचा काठ, हातभर मोठा.

मी हसले, वहिनी. भर रस्त्यात, सुतकात, दुधाची पिशवी हातात धरून हसले. आणि मग हसू गेलं. कारण उद्यापासून तेराव्यापर्यंत येणारा-जाणारा तुम्हाला अशी बघणार होता, आणि वर्षभराने भिंतीवर हीच लागणार होती. दीड वर्ष तुम्ही मान वर करून जे डोकं घेऊन बाजारात गेलात, देवळात गेलात, पाहुण्यांसमोर बसलात, ते कधी नव्हतंच असं होणार होतं.

मी निलेशला म्हटलं, हा काढ. "काकी, आई किती छान दिसते यात. लोकांच्या लक्षात अशीच राहू दे ना."

"तुला लाज वाटते का आईची?"

"लाज नाही गं, काकी." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाकीच्या फोटोंत ती आजारी दिसते."

"आजारी नव्हती ती. केस गेले होते तिचे. तेवढंच झालं होतं."

वन्सं मधे पडल्या. म्हणाल्या, हे लेबल तूच चिकटवलंस ना बाटल्यांना, आता काय झालं? खरंच होतं ते. ज्या लेबलासाठी मी तुम्हाला नको ते बोलले, तेच काढा म्हणून आता मी तुमच्या पोराशी भांडत होते. तरी म्हटलं, मी चिकटवलं म्हणूनच मी काढणार.

तेवढ्यात दादा वाडीतून आले. त्यांनी खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बोट फिरवलं आणि निलेशपुढे केला. अलिबाग स्टँडवरचा फोटो. भर दुपारचं ऊन, तुमच्या हातात उसाच्या रसाचा ग्लास, वरच्या ओठावर फेस, केस वाऱ्याने उडालेले आणि मधली टाळू लख्ख दिसतेय. तुम्ही फोटो काढणाऱ्याकडे बघून दटावताय आणि हसताय, दोन्ही एकदम. दादा म्हणाले, "ह्यो लाव. ही हाय ती." आणि कोयता घेऊन गेले, बॅनरच्या चारही दोऱ्या कापल्या, गुंडाळून बगलेत मारला आणि परत वाडीत गेले. निलेश त्या फोटोकडे बघत ओसरीत बसून राहिला. मग त्याने तो स्वतःच्या फोनवर घेतला.

फ्लेक्सच्या दुकानात मी स्वतः गेले. त्या माणसाने फोटो मोठा केला, चष्मा सरकवला आणि हळूच म्हणाला, "ताई, वर थोडे केस भरून देऊ? दोन मिनिटांचं काम. कळणारसुद्धा नाही."

"एक केस वाढवलात तर फ्लेक्स इथेच टाकून जाईन."

त्याने मुकाट्याने काम केलं. त्याच फेरीत मी नवी लेबलं छापायला टाकली. फोटो नाही, जास्वंद नाही. 'घरचं खोबरेल' एवढंच. तो म्हणाला, अशाने कोण घेणार? मी म्हटलं, ज्याला तेल हवंय तो.

तेराव्याला अंगणात मांडव होता आणि तुमचा तो फोटो पाटावर. आलेल्या बायका आधी फुलं वाहायच्या, मग फोटो बघायच्या, मग एकमेकींकडे बघायच्या. कुणी म्हणालं, दुसरा मिळाला नाही का. वन्संनी फोटोवर हार घातला तो असा घातला की टाळू झाकली जाईल. मी तो खाली ओढला. त्यांनी परत वर केला. मी परत खाली ओढला. हे तुम्हाला बघायला मिळायला हवं होतं.

जेवणं उठली तेव्हा पलीकडच्या मोहल्ल्यातली रुबिना आली. आपल्या खोल्यांच्या चादरी आणि अभ्रे शिवून देते ती, तिशीसुद्धा गाठली नाही अजून. एवढ्या वर्षांत मी तिला ओढणीशिवाय पाहिलेलं नाही. ती फोटोसमोर उभी राहिली. इतका वेळ उभी राहिली की मला वाटलं तिला भोवळ येतेय. मी तिला पाणी द्यायला स्वयंपाकघरात नेलं. तिथे बायका भांडी आवरत होत्या. तिने ग्लास हातात घेतला, प्यायली नाही.

"शैलाभाभी, रजनीभाभी कुठल्या डॉक्टरकडे जायच्या?"

मी विचारलं, कशाला? तिने दाराकडे पाहिलं आणि ओढणी जरा मागे सरकवली. वहिनी, भांग नव्हताच तो. कपाळापासून माथ्यापर्यंत नुसती वाट पडली होती. तिने लगेच ओढणी पुढे घेतली.

"घरात म्हणतात, झाकलेलंच तर असतं तुझं, कोण बघतंय." तिचा आवाज बारीक झाला. "मी बघते ना, भाभी."

तुम्ही असतात तर तिला पायरीवर बसवून तासभर बोलला असतात. मला तसं बोलता येत नाही. मला भांडता येतं. मी डोक्यावरचा पदर मागे टाकला, ओला हात माझ्या भांगातून जोरात फिरवला आणि तिच्यापुढे तळवा धरला. काळाकुट्ट झाला होता. ती तळव्याकडे बघत राहिली, मग माझ्या डोक्याकडे.

मी म्हटलं, "मंगळवारी सकाळच्या गाडीने जाऊ. तुलाही दाखवू, मलाही दाखवायचंय."

हे मी हळू बोलले नाही, वहिनी. स्वयंपाकघरात आठ-दहा बायका होत्या, माझी मुलगी होती, दारात नवरा उभा होता. भांड्यांचा आवाज एकदम थांबला. सगळ्यांनी ऐकलं.

ऐकू देत.